भिंत पाडायच्या आधी कवडसा बघा : वाचकांचे प्रश्न

दिवाळी झाली की कोकणात घरांची कामं निघतात, कारण मे महिन्यात चाकरमानी यायच्या आत सगळं आटपायचं असतं आणि जूनला तर कामाला हातच लावता येत नाही. त्यामुळे यावेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीबद्दल आहेत, घरात उजेड नाही. ऑफिसवाल्यांचंही तेच.

ताई, आम्ही चिपळूणला दुसऱ्या मजल्यावर 22 वर्षं जुना वन बीएचके घेतलाय. 2021 चा पूर बघितल्यावर तळमजला नकोच असं घरात ठरलं होतं. फ्लॅट चांगला आहे पण हॉलमध्ये भर दुपारी ट्यूब लावावी लागते. काँट्रॅक्टर म्हणतो हॉल-किचनमधली भिंत पाडा, गॅलरी आत घ्या, लख्ख होईल. खर्च बराच आहे. करू का?

थांबा. आधी एक दिवस सुट्टी काढा आणि त्या रिकाम्या हॉलमध्ये सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत बसा. दर दोन तासांनी मोबाइलवर फोटो काढा, त्याच जागेवरून. खरंच सांगते, यातून जे कळतं ते कुठल्याच थ्रीडी ड्रॉइंगमधून कळत नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंत मला तीन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे गॅलरीला काळपट फिल्म लावलेल्या सरकत्या खिडक्या आहेत, त्यांच्या आत दोरीवर कपडे आहेत आणि त्याच्या आत जाड पडदा आहे. म्हणजे उजेड तीन जागी अडलाय आणि चौथ्या जागी भिंत पाडायचं चाललंय! दुसरं म्हणजे आधीच्या मालकांनी पीओपीचं फॉल्स सीलिंग एवढं खाली आणलंय की खिडकीच्या वरची झडप पूर्ण झाकली गेलीय. ही झडप फार मोलाची असते. उजेड खोलीत किती आत जाणार ते खिडकीच्या रुंदीपेक्षा तिच्या वरच्या कडेच्या उंचीवर ठरतं. ढोबळ हिशोब असा की वरची कड जेवढी उंच त्याच्या दोन ते अडीच पट आतपर्यंत कामापुरता उजेड पोचतो. कड सात फुटांवर असेल तर चौदा-सतरा फूट. झडप उघडी केली आणि कड साडेआठ फुटांवर गेली की तोच आकडा सतरा-एकवीसवर जातो, आणि तुमचा हॉल आहेच सोळा फुटांचा.

तिसरं, भिंतीचा रंग. सोफ्यामागची गडद चॉकलेटी भिंत फोटोत छान दिसते पण ती बरोबर खिडकीसमोर आहे, म्हणजे आलेला उजेड तीच गिळते. पांढरा रंग पडलेल्या उजेडातला साधारण ऐंशी टक्के परत फेकतो. म्हणून खिडकीसमोरची भिंत आणि छत पांढरं ठेवा, गडद रंगाची हौस असेल तर खिडकी ज्या भिंतीत आहे तिथे किंवा पॅसेजमध्ये करा.

तेव्हा क्रम असा ठेवा की फिल्म खरवडून काढा, सीलिंग उतरवा (आपल्याकडच्या दमटपणात पीओपीला बुरशी धरतेच, गेलं तर दुःख नको), रंग द्या, आणि मग महिनाभर राहून बघा. कपड्यांचं मात्र मी हलक्यात घेणार नाही, आपल्याकडे चार महिने कपडे वाळत नाहीत ही घरातल्या बाईची रोजची लढाई आहे. बेडरूमच्या छताला दोरीने वरखाली होणारा स्टँड लावा, खाली पंखा, कपडे डोक्यावर जातात आणि गॅलरी मोकळी होते. एवढं करूनही किचन अंधारं वाटलं तर पूर्ण भिंत न पाडता कमरेच्या वरचा भाग उघडा, पण सोसायटीची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनीयरची सही घेतल्याशिवाय एकही वीट काढायची नाही. काँट्रॅक्टरच्या तोंडी भरवशावर तर नाहीच नाही.

गुहागरला आमचं सासरचं कौलारू घर आहे, जांभ्याच्या चिऱ्यांचं. माजघर इतकं काळोखी की बाहेरून आलेल्या माणसाला दोन मिनिटं काही दिसत नाही. आता रिटायर होऊन आम्ही दोघं तिथेच राहणार. मुलगा म्हणतो मोठ्या काचेच्या खिडक्या पाडू, सासूबाई म्हणतात घराला हात लावायचा नाही. मधल्यामध्ये मी.

तुमचं पत्र वाचून मला माझ्या आजीचं माजघर आठवलं. तिथे छपरात एकच काचेचं कौल होतं. त्यातून येणारा कवडसा सकाळी भिंतीवर असायचा, मग खाली उतरून जमिनीवरून सरकत सरकत घुसळखांबाच्या पायाशी यायचा, ताटलीएवढा. आजी त्या ताटलीत तांदळाचं सूप धरून खडे निवडायची आणि कवडसा सरकला की तीही पाट घेऊन सरकायची. बाकी खोली काळोखी, पण जिथे नजर हवी तिथे लख्ख. मी आज जे काम करते त्याची सुरुवात बहुतेक त्या पाटावरच झाली.

आता तुमच्या घराचं. सासूबाईंचं म्हणणं ऐका आणि मुलाचंही, दोघं आपापल्या जागी बरोबर आहेत. जुनं घर काळोखी आहे ते कुणाच्या चुकीने नाही, खाली उतरलेलं छप्पर आणि सभोवतीची पडवी यांनीच चिऱ्यांच्या भिंती पावसाच्या झडीपासून वाचल्यात आणि एप्रिल-मेमध्ये माजघर गार राहतं ते त्याचमुळे. शिवाय त्या भिंतींवर घराचा भार आहे. तिथे मोठं भगदाड पाडलं तर वरचा भार पेलायला लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, टाकावी लागेल, काचेवर पश्चिमेचा पाऊस आपटेल, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेने साध्या लोखंडी बिजागऱ्या गंजून जातील.

उजेड वरून आणा. माजघराच्या डोक्यावर तीन किंवा चार काचेची कौलं बसवा, मंगलोरी कौलाच्या मापाची मिळतात, म्हणजे रचना तीच राहते आणि उद्या नको वाटलं तर काढून पुन्हा मातीची कौलं घालता येतात. (ही मंगलोरी कौलं आपल्याला जुनी, आपल्याच गावची वाटतात, पण त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती संस्थेच्या लोकांनी मंगळूरला 1865 मध्ये काढला, म्हणजे आपल्या आजे-पणज्यांनीही एकदा नवी गोष्ट घरावर चढवलीच होती. सासूबाईंना हे जरूर सांगा.)

कौलं शक्यतो उत्तरेच्या उतारावर घ्या. आपण साधारण 17 अंशांवर आहोत, वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या उतारावर तो तिरपा लागतो आणि उजेड सौम्य येतो. फक्त मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला जातो, पण त्यातले दोन महिने ढग असतात. म्हणजे त्रास काय तो मेच्या उरलेल्या दिवसांचा, तेवढ्यापुरतं आतून मांजरपाटाचं कापड ताणून लावा. खाली लाकडी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत, असेल तर कौलापासून तक्तपोशीपर्यंत चौकोनी पेटी करून आतून पांढरी रंगवा, नाहीतर उजेड माळ्यावरच राहील. आणि काचेच्या कौलाखाली बारीक जाळी हवीच. माकडं छपरावर उड्या मारतात हे तुम्हाला मी काय सांगू, कौल फुटलं तर तुकडे जाळीत राहिले पाहिजेत, ताटात नाही.

जमीन मात्र चकचकीत पांढऱ्या टाइल्सची करू नका. वरून आलेला उजेड त्यावरून थेट डोळ्यात जातो आणि ओल्या पायांनी घसरायला होतं, तुमच्या वयाचाही विचार करा. लाल कोबा ठेवा, भिंतींना चुन्याचा पांढरा हात द्या. चुना ओल श्वासासारखी आत-बाहेर जाऊ देतो, प्लास्टिक इमल्शन ती कोंडून ठेवतं आणि मग पोपडे निघतात. मुलाची खिडकीची हौस पडवीत भागवा, तिथे भार नाही.

माझं रत्नागिरीत टॅक्स कन्सल्टन्सीचं ऑफिस आहे, पहिला मजला, पश्चिमेला पूर्ण काच. पाच जणांचा स्टाफ. काच असूनही दिवसभर ब्लाइंड खाली आणि ट्यूब चालू. संध्याकाळी सगळ्यांचं डोकं दुखतं. खेड्यातून येणारी माणसं बिचकून बसतात, ऑफिस आपलंसं वाटत नाही असं मला जाणवतं. काय करावं?

हा प्रश्न मला फार आवडला कारण तुम्हाला समोरच्या माणसाचं बिचकणं दिसलं.

तुमच्या प्लॅनमध्ये तुम्ही स्वतः काचेला पाठ करून बसता. आता समोरच्या खुर्चीत तुम्हीच जाऊन बसा. मागून झगझगीत उजेड आणि मधे एक काळी आकृती, चेहरा दिसतच नाही. ज्याला नोटीस आलीय तो आजोबा आधीच घाबरलेला, त्याला तुमचे डोळे दिसले नाहीत तर तो मोकळा कसा होणार? टेबल काटकोनात फिरवा, म्हणजे उजेड दोघांच्याही बाजूने येईल. स्टाफच्या कॉम्प्युटरचंही तसंच करा, स्क्रीन काचेसमोर नको आणि काचेकडे पाठ करूनही नको. डोकेदुखीतला निम्मा भाग इथेच कमी होईल असं मला वाटतं, नाही झाला तर डोळे तपासून घ्या सगळ्यांचे.

काचेचं म्हणाल तर पश्चिमेचं ऊन दुपारी तीननंतर खाली उतरून थेट आत घुसतं, त्याला वरचं छज्जं अडवू शकत नाही. तिथे बाहेरून उभ्या पट्ट्या लागतात. बाहेरूनच का, तर ब्लाइंड आत असला की ऊन काचेतून आत येऊन गेलेलं असतं, उष्णता खोलीतच राहते आणि एसी तिच्याशी झगडत बसतो. पट्ट्या पावडर कोटिंग केलेल्या ॲल्युमिनियमच्या घ्या, स्क्रू आणि ब्रॅकेट 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे, नेहमीचं 304 समुद्राजवळ डागळतं. रिफ्लेक्टिव्ह फिल्म मारू नका, ती जुलैच्या काळ्या दिवसातही तेवढाच उजेड खाते. आतले ब्लाइंड बदलायचे असतील तर खालून वर जाणारे घ्या, खालचा भाग झाकला तरी वरच्या दोन फुटांतून उजेड छतावर जातो आणि तिथून खोलभर पसरतो.

थिबा पॅलेस तुमच्या गावातच आहे, 1910 सालचा. एकदा निवांत जाऊन तिथल्या खिडक्यांच्या वरचे लाकडी नक्षीचे अर्धगोल बघा. वरच्या उजेडाचं मोल त्या काळच्या सुतारांना नीट माहीत होतं.

दिव्यांचं वायरिंग दोन ओळींत वेगळं करा, काचेजवळची ओळ दिवसा बंद राहील. ऑफिसच्या टेबलावर 300 ते 500 लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) उजेड पुरतो, मोबाइलवरच्या ॲपने अंदाज येतो. आणि दारात काथ्याचं मोठं पायपुसणं, छत्री ठेवायला खोल बादली नाहीतर स्टँड, बसायला हात असलेलं बाकडं आणि प्यायच्या पाण्याचा तांब्या-भांडं. भिजून आलेल्या माणसाला गळती छत्री कुठे ठेवू असं विचारावं लागलं नाही की तो टेकून बसतो.

मालवणला होमस्टे सुरू करतोय. खोल्यांत पांढरे बल्ब की पिवळे?

खोक्यावर के (केल्विन) चा आकडा असतो, तो जेवढा कमी तेवढा उजेड पिवळा. 2700 किंवा 3000 के लिहिलेले खोल्यांत आणि ओटीवर, 4000 के स्वयंपाकघरात आणि आरशापाशी. 6500 के कुठेच नको, रात्री त्या उजेडात माणूस आजारी दिसतो. जेवणाच्या टेबलावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वरचा बल्ब घ्या, सोलकढीचा गुलाबी रंग गुलाबीच दिसला पाहिजे.

दापोलीजवळ घर आहे. 2020 च्या निसर्ग वादळात कौलं उडाली तेव्हा पत्रे घातले, पुढे अंगणावरही पत्र्याची शेड आली. आता ओटीवर पेपर वाचता येत नाही. शेड काढवत नाही कारण पाऊस.

शेड राहू दे. पूर्वी पावसाळ्यात झापं (विणलेल्या झावळ्या) बांधायचे आणि दसऱ्याच्या सुमाराला सोडायचे, म्हणजे काळोख फक्त चार महिन्यांचा असायचा, पत्र्याने तो बारा महिन्यांचा केला. ओटीच्या अगदी लगतचे दोन पत्रे काढून तिथे यूव्ही कोटिंग असलेले दुधी पॉलिकार्बोनेटचे घाला, साधे फायबरचे घेऊ नका, दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळे पडतात. पत्रा बसवताना स्क्रूची भोकं जरा मोठी ठेवून रबरी वॉशर लावायला सांगा, कारण हा पत्रा उन्हाने वाढतो आणि भोक घट्ट असेल तर तिथूनच तडकतो. शेडच्या आतल्या बाजूला पांढरा ऑइलपेंट मारा. वादळाचा अनुभव घेतलाय तुम्ही, तेव्हा पत्रा धरून ठेवणारे जे-हुक नेहमीपेक्षा जवळ जवळ घ्या आणि हे काम मेच्या आधी उरका.