पहिला बर्फ, चार ट्रेकर आणि फाउलहॉर्न

फेब्रुवारीत स्वित्झर्लंडमधल्या ग्रिंडेलवाल्डला चार दिवस, चौघेही सह्याद्रीत नियमित फिरणारे, बर्फ पहिल्यांदाच, आणि स्कीच्या शिकवणीत सुट्टी घालवायची नाही, असा तुमचा प्रश्न आहे. तुमच्यासाठी फाउलहॉर्न शिखरावरून स्लेजने, म्हणजे बर्फावरून घसरणाऱ्या लाकडी गाडीने, उतरणंच उत्तम. इथे दमसास लागतो, तो तुमच्याकडे आहे. बर्फ वाचता येण्याची फारशी गरज पडत नाही, आणि तेच तुम्हाला अजून येत नाही.

गावात स्लेज आणि हेल्मेट भाड्याने घ्या. गोंडोल्याने (केबल कारने) फर्स्ट या वरच्या स्थानकाला (२,१६८ मीटर) जा. तिथून बाखाल्पझे तळ्यावरून हिवाळी पायवाटेने, स्लेज दोरीने ओढत, फाउलहॉर्नला (२,६८१ मीटर) पोचायला साधारण अडीच तास लागतात. चढ फक्त पाचशे मीटरचा, राजगड चढणाऱ्याला विशेष नाही. पण मऊ बर्फात पाय रुतत असतील तर तीन तास धरा. वरून बुसाल्पमार्गे ग्रिंडेलवाल्डपर्यंत १५ किलोमीटरची उतरण आहे. खालच्या टप्प्यात बर्फ कमी असेल तर बुसाल्पहून बस पकडायची, म्हणून तिची वेळ सकाळीच बघून ठेवा. दहाच्या आत फर्स्टवरून निघालात तर उतरताना उजेड हाताशी राहतो.

लाकडी स्लेज दिसते तितकी निरुपद्रवी नसते. वळायचं त्या बाजूचं पाऊल बर्फावर दाबायचं आणि शरीराचा भार तिकडेच टाकायचा. वेग कमी करायला दोन्ही पायांचे तळवे सपाट टेकवायचे. थांबायचं असेल तर मागे रेलून दोरीने पुढचं टोक उचलायचं. नवखे टाचा रोवतात. मग सगळा बर्फ तोंडावर उडतो, दिसत नाही आणि घोटा मुरगळतो. डोकं पुढे करून पालथं झोपून तर कधीच जाऊ नका. दोघांत वीसेक मीटर अंतर ठेवा, थांबायचं तर वाटेच्या कडेला. दुपारनंतर सावलीतली वळणं गोठून काचेसारखी होतात, तिथे वेग वळणाआधीच कमी करायचा. वळणात शिरल्यावर उशीर झालेला असतो.

कपड्यांत सगळ्यात मोठी चूक म्हणजे कॉटन. चढताना घाम येतो, माथ्यावर थांबलात की तोच गारठवतो. उणे १० तापमानात ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला सुमारे उणे २१ जाणवतं. आत लोकरी किंवा पॉलिएस्टरचा थर, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. चढताना फ्लीस काढून सॅकमध्ये ठेवा, माथ्यावर पोचताच चढवा. हातमोज्यांचा दुसरा जोड हवाच, कारण स्लेजवर पहिला भिजतोच. खडकावर झकास पकड देणारे आपले जाळीदार ट्रेकिंग बूट इथे तासाभरात ओले होतील. घोट्याच्या वरपर्यंतचे, पाणी न शिरणारे बूट घ्या. गॉगल आणि सनस्क्रीन ढगाळ दिवशीही लावा. हायड्रेशन बॅगची नळी गोठते, त्यापेक्षा थर्मास बरा. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते.

दुसऱ्या दिवशी स्नोशू (बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांखाली बांधायचे रुंद सांगाडे) घालून चाला. स्विस आल्पाइन क्लबच्या श्रेणीत स्नोशूच्या वाटांना सोप्याकडून अवघडकडे डब्ल्यूटी१ ते डब्ल्यूटी६ असे दर्जे असतात; तुम्ही डब्ल्यूटी१ची वाट निवडा, म्हणजे २५ अंशांहून कमी उतार आणि जवळपास तीव्र उतार नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये हिवाळी वाटांच्या पाट्या गुलाबी असतात. ती खूण सोडायची नाही. कुणी गेल्याचे ठसे दिसले म्हणून मागे जाणं हा सह्याद्रीतला शहाणपणा इथे अंगाशी येतो, कारण ते ठसे स्कीवर डोंगर चढणाऱ्याचे (स्की टूरिंगवाल्याचे) असू शकतात आणि थेट हिमस्खलनाच्या उतारावर नेऊ शकतात.

दावोसची हिमसंशोधन संस्था एसएलएफ हिवाळ्यात संध्याकाळी ५ आणि सकाळी ८ वाजता हिमस्खलनाचं पत्रक काढते, इंग्रजीतही. धोक्याचे पाच स्तर असतात. 'तीन म्हणजे मधला, चालेल' असं समजू नका. मोठ्या संख्येने मृत्यू याच स्तरावर होतात, कारण चार असला की लोक घरी बसतात. आकड्याबरोबर कोणत्या उंचीवर आणि कोणत्या दिशेच्या उतारांवर धोका आहे, तेही वाचा. हिमस्खलन मुख्यतः ३० अंशांहून तीव्र उतारांवर सुटतं, पण खाली सपाटीपर्यंत येतं. वाट बंद असल्याची पाटी दिसली तर परत फिरा.

बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं भाड्याने घेऊन वाटेबाहेर जायचा बेत कुणी सुचवेल. सराव नसताना त्याला अर्थ नाही. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढता आला तरच जगण्याची शक्यता चांगली असते, आणि तेवढ्या वेळात शोधणं, खणणं हे सरावाचंच काम आहे. फारच हौस असेल तर प्रमाणित गाइड घ्या.

शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा काढताच, पण साहसी खेळ त्यातून वगळलेले नाहीत ना, हे पॉलिसीत शोधा. हेलिकॉप्टर बचाव तिथे फुकट नसतो. स्विस हवाई बचाव सेवा रेगाचा आपत्कालीन क्रमांक १४१४, रुग्णवाहिकेचा १४४. दोन्ही चौघांच्या फोनमध्ये निघण्याआधीच साठवा.