‘धपाटा घातला तर मूल उचलून नेतात का?’ ऑस्टिनहून उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये पुण्याहून टेक्सासमधल्या ऑस्टिनला येताय, बरोबर नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा, मागोमाग सहा महिन्यांसाठी आई. आणि कुणीतरी कानात भरवलंय की अमेरिकेत मुलाला धपाटा घातला की सरकार मूल घेऊन जातं.

पहिली गोष्ट, ‘अमेरिकेत’ असं काही नसतं. हा विषय राज्याराज्यात ठरतो. केंद्राचा १९७४ चा कायदा आहे, पण तो मुख्यतः राज्यांना पैसे देतो आणि किमान अटी घालतो. मेरीलँडमध्ये आठ वर्षांखालच्या मुलाला किमान तेरा वर्षांचं कुणी सोबत नसताना घरात एकटं ठेवणं गुन्हा आहे. टेक्सासच्या कायद्यात असं वयच नाही. तेव्हा न्यू जर्सीतल्या मावसभावाचे अनुभव ऐका आणि सोडून द्या.

टेक्सासमध्ये आईवडिलांनी शिस्तीसाठी ‘वाजवी’ मार देणं कायद्याला मान्य आहे. वळ उठला, दुखापत झाली किंवा वस्तूनं मारलं की ‘वाजवी’चा अर्थ दुसरं कुणीतरी लावणार. मी मारत नाही आणि तुम्हीही मारू नये असं मला वाटतं, पण तुम्ही कायदा विचारलात. त्यातली गंमत म्हणजे इथे शाळेलाही छडीची कायद्यानं मुभा आहे. पालकांनी लेखी नकार दिला तर शाळेला मारता येत नाही, आणि हा नकार दर वर्षी द्यावा लागतो. शहरातल्या बहुतेक शाळा त्या वाटेला जात नाहीत, तरी प्रवेशाच्या कागदांबरोबर ती चिठ्ठी देऊन टाका.

आता माझी गोष्ट. २०१९ मध्ये मुलगा चौदा महिन्यांचा होता. पाळणाघरात नवीन कामाला लागलेल्या मुलीला डायपर बदलताना त्याच्या कमरेखाली निळसर डाग दिसले. आपल्या बाळांना असे डाग जन्मतःच असतात आणि काही वर्षांत फिके पडतात. तिला ते मुका मार वाटले. तिनं फोन केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सीपीएसची, म्हणजे बालसंरक्षण विभागाची बाई दारात उभी. मी ऑफिसमध्ये, घरी फक्त सासूबाई. त्यांनी तिला आत घेतलं, चहा केला, चिवडा पुढे ठेवला. आणि कौतुकानं, हातवारे करून दाखवलं, बाळाला तेल लावताना हातपाय कसे ताणायचे ते. मी घरी पोचले तेव्हा ती बाई भराभर लिहीत होती. तिनं फ्रीज उघडून पाहिला, इडलीच्या पिठाचं पातेलं हुंगलं, बाळ झोपतं कुठे विचारलं. आमच्यातच, म्हटलं. तेही लिहून घेतलं.

डॉक्टरांच्या फाइलमध्ये जन्माच्या वेळची नोंद होती, ‘पाठीवर जन्मजात निळसर डाग’, म्हणून वाचलो. काही आठवड्यांनी पत्र आलं, ‘रूल्ड आउट’, म्हणजे आरोपात तथ्य नाही. त्या काही आठवड्यांत नवऱ्याचं वजन उतरलं. म्हणून सांगते, तुमच्या मुलाला असे डाग असतील तर इथल्या पहिल्याच तपासणीत डॉक्टरांकडून नोंद करून घ्या. आणि आईंची घरच्या काजळाची डबी पुण्यालाच राहू दे. काजळ-सुरम्यात शिसं सापडतं, आणि इथे लहान मुलांच्या रक्तातलं शिसं तपासतात.

तेव्हा आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं की दार न उघडण्याचा हक्क आहे. त्यानंतर ऑस्टिनच्या विधानसभेनं बरंच बदललं. १ सप्टेंबर २०२१ पासून ‘दुर्लक्ष’ या शब्दाची व्याख्या आवळली. नुसता धोका संभवतो एवढं पुरत नाही, मुलाला प्रत्यक्ष इजा किंवा तत्काळ धोका दाखवावा लागतो. १ सप्टेंबर २०२३ पासून चौकशीला आलेल्यानं सुरुवातीलाच पालकांना त्यांचे हक्क सांगायचे: वकिलाशिवाय बोलायचं नाही हे म्हणता येतं, कोर्टाच्या हुकुमाशिवाय घरात येऊ न देता येतं, संभाषण रेकॉर्ड करता येतं. त्याच दिवसापासून निनावी तक्रारीही बंद. विभागाला नाव द्यावं लागतं, ते गुप्त ठेवतात, आणि जाणूनबुजून खोटी तक्रार करणं गंभीर गुन्हा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर मतदारांनी पालकांचे हक्क थेट राज्यघटनेत घातले.

माझ्यासारखीला हे सगळं बरंच वाटतं. तरी निनावी तक्रारीबद्दल मन पूर्ण तयार होत नाही. आपल्याच लोकांत एखाद्या घरातून रोज रडणं ऐकू येतं आणि शेजारीण नाव द्यायला कचरते, कारण संध्याकाळी गणपतीच्या आरतीला तेच कुटुंब शेजारी उभं असतं. आणि इथे गप्प बसणं हाही गुन्हा आहे. टेक्सासमध्ये शिक्षक-डॉक्टरच नव्हे, प्रत्येक प्रौढावर कळवायची जबाबदारी आहे. ‘त्यांच्या घरातलं त्यांना’ हे वाक्य विमानतळावर सोडून या.

हक्क असले तरी विभागाचे हात बांधलेले नाहीत. मुलाशी शाळेत, तुम्हाला न विचारता बोलता येतं. तत्काळ धोका असेल तर मूल नेताही येतं, मग साधारण चौदा दिवसांत न्यायाधीशापुढे सुनावणी. पालकत्व कायमचं काढून घ्यायला ठोस, खात्रीलायक पुरावा लागतो, आणि टेक्सासमध्ये त्यासाठी ज्युरीही मागता येते, जी बहुतेक राज्यांत मिळत नाही.

व्हिसावर येणाऱ्यांना जे कुणी सांगत नाही ते सांगते. मुलाशी दुर्व्यवहार किंवा दुर्लक्ष अशा गुन्ह्यात दोषी ठरलात तर केंद्राच्या इमिग्रेशन कायद्याखाली हद्दपारी होऊ शकते, आणि ‘किरकोळ दंड भरून मिटवा’ म्हणत सही केलेला कबुलीनामाही त्यात धरला जाऊ शकतो. सहीआधी इमिग्रेशनचा वकील. एच-ई-बी या किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये ‘दोनच मिनिटं’ म्हणून चार वर्षांच्या मुलाला गाडीत ठेवणंही सोडा. सात वर्षांखालचं मूल किमान चौदा वर्षांच्या कुणाच्या सोबतीशिवाय पाच मिनिटांहून जास्त गाडीत राहिलं तर गुन्हा आहे. जुलैत इथे उन्हातल्या गाडीत पाच मिनिटंही फार असतात.

आईंना मात्र एकच वाक्य पाठ करवून घ्या, इंग्रजीत: माझा मुलगा घरी आल्यावर बोलेल. दार बंदच ठेवून, खिडकीतून. आमच्या सासूबाईंना ते पाठ झालं, पण चिवडा ठेवला नाही याची रुखरुख त्यांना अजून आहे.