कोच भाच्याला रिलीफ पिचर करतायत, त्यात काही भवितव्य आहे का?

तुमचा भाचा अमेरिकेत हायस्कूलच्या बेसबॉल टीममध्ये पिचर (बॅटरला बॉल टाकणारा) आहे, कोच त्याला सुरुवातीला न उतरवता शेवटच्या इनिंगना आणतात, आणि तुम्ही विचारताय की हे डावलणं समजायचं का. नाही. अजिबात नाही. जरा लांबण लावून सांगतो, कारण हा वाद आमच्या घरात वर्षानुवर्षं चालू आहे.

मी न्यू जर्सीत राहतो, न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल टीमचा कट्टर चाहता. माझे साडूही इथेच राहतात आणि तेही यांकीजवालेच. पण त्यांचं मत ठाम: स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा, तोच खरा पिचर, रिलीफवाला म्हणजे उरलासुरला. "अहो, पंधरा बॉल टाकायचे आणि टाळ्या घ्यायच्या, याला काय मेहनत म्हणायची?" गणपती असो, दिवाळी असो, जेवणं झाली की हे वाक्य येणारच.

एकदा आम्ही दोघं ट्रेंटनला डबल-एचा (सर्वोच्च मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालच्या लीगचा) सामना बघायला गेलो. तेव्हा तिथली टीम यांकीजच्या हाताखालची होती. आमच्या खुर्च्या बुलपेनला, म्हणजे रिलीफ पिचर गरम होतात त्या जागेला, अगदी लागून होत्या. चौथ्या इनिंगला स्टार्टर गडबडला, डगआउटमधून खूण झाली आणि बाकावरचा एक उंच, सडपातळ पोरगा जाकीट काढून उठला. आधी सावकाश टाकले, मग पुरत्या जोरानं. कॅचरच्या मिटमध्ये बॉल बसल्याचा जो आवाज होतो तो इतक्या जवळून ऐकला की पोटात गोळा येतो. तेवढ्यात डबल प्ले झाला (एकाच फटक्यावर दोघं आउट), इनिंग संपली. पोरानं कपाळ पुसलं, जाकीट घातलं, बसला. सहाव्या इनिंगला परत उठवला, परत पूर्ण गरम झाला, परत बसवला. आठव्यातही तेच. शेवटी दुसऱ्यालाच पाठवलं आणि सामना संपला. हा खांद्याला बर्फ बांधून निमूट निघून गेला.

त्या दिवशीच्या स्कोअरकार्डात त्याचं नावही नव्हतं. साडू म्हणाले, "बघा, आजचा पगार फुकट." मी गाडीत घरी पोचेपर्यंत त्यांच्याशी भांडलो. अहो, ते सगळे बॉल त्यानं टाकले ना? आकडेवारीत येत नाहीत म्हणून कोपर कमी झिजतं का? स्टार्टरला आपली पाळी कधी आहे ते चार दिवस आधी माहीत असतं. त्याचं खाणं, झोप, व्यायाम, सगळं त्या हिशोबानं. याला काहीच माहीत नसतं. दुसऱ्या पिचरमुळे धावपटूंनी भरलेल्या बेसवर येऊन पहिला बॉल स्ट्राइक टाकायचा, आणि उद्या पुन्हा तयार राहायचं.

आता मारियानो रिव्हेरा घ्या. पनामातल्या प्वेर्तो काइमितो या मच्छीमार गावातला मुलगा, वडील बोटीवर. 1992 मध्ये कोपराचं ऑपरेशन झालं. 1995 मध्ये यांकीजनं त्याला 10 सामन्यांत स्टार्टर म्हणून उतरवलं, जमलं नाही. म्हणजे साडूंच्या भाषेत उरलासुरलाच! 1996 मध्ये तो तेव्हाचा क्लोजर (शेवटची इनिंग टाकून सामना संपवणारा) वेटलँड याच्या आधीच्या इनिंग सांभाळू लागला, 1997 मध्ये क्लोजर झाला, आणि त्याच वर्षी त्याला तो कटर (शेवटच्या क्षणी वळणारा वेगवान बॉल) गवसला. पुढची सोळा-सतरा वर्षं समोरच्या बॅटरला माहीत असायचं की कटरच येणार, तरी बॅट मोडायच्या. 652 सेव्ह, म्हणजे आघाडी राखून संपवलेले सामने. पोस्टसीझनमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) 141 इनिंग आणि फक्त 11 अर्न्ड रन (पिचरच्या खात्यावर पडणारे रन). 1998, 1999, 2000 आणि 2009, यांकीजनं जिंकलेल्या या चारही वर्ल्ड सिरीजच्या (अंतिम मालिकांच्या) शेवटच्या आउटला माउंडवर तोच होता.

हरलाही. 1997 मध्ये क्लीव्हलंडच्या अलोमारनं होमरन मारला, 2001 मध्ये ॲरिझोनात वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात नवव्या इनिंगला सगळं हातचं गेलं, 2004 मध्ये बोस्टननं गाठलं. स्टार्टर पहिल्या इनिंगला मार खातो तेव्हा सावरायला टीमकडे आठ इनिंग असतात. क्लोजरनं खाल्ला की सामना तिथंच संपतो. हे पचवून दुसऱ्या दिवशी परत बॉल हातात घेणं, हीच या माणसांची खरी कारकीर्द आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

2019 मध्ये हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलमधला सर्वोच्च सन्मान) रिव्हेराला 425 पैकी 425 मतं पडली. त्याआधी असं कुणालाच झालं नव्हतं. साडूंचा लाडका, यांकीजचा कप्तान जीटर पुढच्याच वर्षी निवडला गेला, पण त्याचं एकमत एका मतानं हुकलं. जीटर मलाही प्रिय आहे, पण एकमतानं निवडला गेला तो रिलीफ पिचर, हे मी त्यांना दर दिवाळीला सांगतो.

बरं, भवितव्याचं. रिव्हेरा अपवाद आहे हे खरं. बहुतेक रिलीफ पिचर ट्रिपल-ए (मेजर लीगच्या एक पायरी खाली) आणि मेजर लीगमध्ये वर-खाली होत राहतात. 26 जणांच्या टीममध्ये ताज्या हाताची गरज पडली की वर बोलावतात, काम झालं की खाली. हा प्रकार इतका वाढला की 2022 पासून एका खेळाडूला एका सीझनमध्ये पाचपेक्षा जास्त वेळा खाली धाडता येत नाही. पैसाही एकूण बघता स्टार्टरलाच जास्त. त्याच 2022 मध्ये न्यूयॉर्क मेट्स या टीमनं रिलीफ पिचर एडविन डियाझशी 5 वर्षांसाठी 10 कोटी 20 लाख डॉलरचा करार केला, पण रिलीफ पिचरनं 10 कोटींचा आकडा ओलांडायची ती पहिलीच वेळ.

म्हणून भाच्याला या वयात स्टार्टरचं कामही शिकू द्या, तीन-चार प्रकारचे बॉल हातात बसू द्या. रिलीफमध्ये कधीही जाता येतं, तिथून परत येणं अवघड. आणि कोचना भेटाल तेव्हा "माझा भाचा मागे का?" असं विचारू नका. बुलपेनमध्ये गरम होताना टाकलेले बॉल ते मोजतात का आणि लागोपाठ किती दिवस त्याला उठवतात, हे विचारा. मोजत नसतील तर ती वही तुम्ही ठेवा.