रोज रात्री आठ वाजता याच्या अंगात येतं!

प्रश्न : आमचा बिट्टू, कुत्र्याचं पिल्लू, चार महिन्यांचा आहे. दिवसभर घरात कुणी ना कुणी असतं, त्यामुळे तो एकटा असा कधी नसतोच. सकाळी पाऊण तास फिरवतो, संध्याकाळी दमेपर्यंत बॉल खेळवतो. तरी रात्री आठ वाजले की याच्या अंगात येतं. सोफ्यावरून उड्या, टेबलाखालून गरागरा फेऱ्या आणि मग समोर येईल त्याच्या पायाला दात. माझ्या आईचे घोटे ओरबाडून निघालेत. तिची कातडी पातळ, लगेच रक्त येतं. ओरडून झालं, नाकावर टिचकी मारून झाली. एक ओळखीचे म्हणाले, ‘उताणा पाडून दाबून धरा, घरात मालक कोण ते कळेल.’ तसं केलं तर गुरगुरला. आई म्हणते, हे कार्टं जन्माचंच डांबरट आहे, देऊन टाका. याला आणखी दमवायचं तरी किती?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात बॉल आहे, फिरणं आहे, टिचकी आहे, रक्तसुद्धा आहे. झोप हा शब्द मात्र कुठेच नाही.

चार महिन्यांचं पिल्लू दिवसाच्या २४ तासांतले १८ तासांच्या आसपास झोपतं, किंवा झोपायला हवं. आता तुमचं घर डोळ्यांसमोर आणा. कुणी ना कुणी सतत जागं, कुणी उठलं की बिट्टू उठणार, कुणी स्वयंपाकघरात गेलं की हा मागे जाणार. म्हणायला तो दिवसभर पडलेला असतो, पण कान टवकारलेलेच. अशा डुलक्यांची बेरीज झोपेत होत नाही. लग्नघरात दुपारची झोप मोडलेलं दोन वर्षांचं मूल संध्याकाळी कसं वागतं ते आठवा. ते ‘मला झोप आली’ म्हणत नाही. धावतं, किंचाळतं, मग भोकाड पसरतं. तुमचा बिट्टू आठ वाजता तेच करतो, फक्त त्याच्याकडे दात आहेत.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर असं, की आणखी दमवू नका. आधी दोन दिवस फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि तो डोळे मिटून गाढ झोपला की वेळ लिहा, उठला की वेळ लिहा. घरातल्या सगळ्यांनी. माझ्याकडे असे कागद घेऊन येणाऱ्यांची बेरीज बारा तासांच्या पुढे क्वचितच गेलेली असते, आणि ते बघून त्यांचेच चेहरे उतरतात.

मग दिवस असा लावा : साधारण तासभर जागं, दीड-दोन तास झोप. जागेपणी शू, खाणं, थोडं फिरणं, थोडा खेळ. तास भरत आला की क्रेटमध्ये, म्हणजे कुत्र्याच्या झोपायच्या जाळीच्या पिंजऱ्यात, किंवा बेबी गेट (वाट अडवायचं बुटकं फाटक) लावलेल्या कोपऱ्यात. तिथे माणसांची ये-जा नको, टीव्हीचा आवाज नको, उजेड कमी. क्रेट ही शिक्षा नाही हे त्याला पटायला आठवडाभर लागेल, तोवर दार उघडं ठेवून जेवण आत द्या, चघळायचं खेळणंही आतच द्या. कुईकुई केली तर आधी शू लागली आहे का ते बघा. या वयात जागेपणी तीन-चार तासांहून जास्त त्याला धरवत नाही, आणि झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच लागतेच. शू झालेली असेल तर तुम्ही शेजारी खुर्ची टाकून काहीतरी वाचत बसा. त्याच्याकडे बघू नका. तुम्ही कंटाळवाणे झालात की तो झोपतो. संध्याकाळची सात ते आठ ही झोप कुठल्याही परिस्थितीत चुकवू नका. तुमचा आठचा तमाशा निम्मा तिथेच ओसरेल.

उरलेला निम्मा म्हणजे दात. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात, सुईसारखे. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. म्हणजे बिट्टूच्या हिरड्या आत्ताच शिवशिवायला लागल्या असणार. एखाद्या सकाळी पायपुसण्यावर तांदळाच्या कणीएवढा दात सापडेल, घाबरू नका. ओला करून पिळलेला फडका गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवा आणि तो चघळायला द्या, समोर बसून. धागे निघायला लागले की काढून घ्या.

चावणं थांबवायचं तर आधी आपलं ओरडणं थांबवायला हवं. आई ‘अगंबाई!’ करून पाय झटकत असतील ना? बिट्टूच्या बाजूने बघा : घोटा पकडला की खेळणं आवाज करतं आणि पळतं. याहून भारी खेळ कुठला? तेव्हा दात लागला की खांबासारखं उभं राहायचं. पाय ओढायचा नाही, बोलायचं नाही. तरी सोडत नसेल तर गेटच्या पलीकडे जायचं, वीस-तीस सेकंद, आणि काही न झाल्यासारखं परत यायचं. पुन्हा चावला, पुन्हा पलीकडे. तिसऱ्यांदाही तेच झालं, तर तो वाईट वागत नाहीये, त्याला झोप आली आहे. क्रेटकडे न्या.

आईंना मात्र खांब व्हायला सांगू नका. त्यांची कातडी हा तुमच्या प्रशिक्षणाचा विषय नाही. आठ ते नऊ त्या गेटच्या अलीकडे, बिट्टू पलीकडे, एवढी सोपी गोष्ट आहे. घरातल्या बाकीच्यांनी खिशात लांब दोरीचं खेळणं ठेवायचं आणि तो पायाकडे झेपावण्याआधी ते जमिनीवरून ओढायचं. आधी म्हणजे आधी. चावल्यानंतर खेळणं दिलं तर चावण्याची बक्षिसी दिल्यासारखं होतं.

एक सावध करते. तुम्ही हे सुरू केलंत की तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो जास्तच जोरात चावेल. लिफ्टचं बटण दाबून लिफ्ट आली नाही तर आपण ते आणखी चार वेळा, जोरात दाबतो, तसंच. इथेच बहुतेक घरं हात टेकतात आणि पुन्हा ओरडायला लागतात. मग पिल्लू शिकतं, की जोरात चावलं की लिफ्ट येते.

उताणं पाडणं आजपासून बंद. तो गुरगुरला हे उलट बरं झालं. गुरगुरणं ही कुत्र्याची ‘पुरे’ म्हणायची पद्धत आहे. ती मार देऊन बंद केलीत तर एक दिवस तो न सांगता चावेल. आणि तो सल्ला कुठून आला तेही ऐका, म्हणजे ओळखीचे पुन्हा भेटले तर गप्प बसायला नको. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. नात्यातले नसलेले लांडगे एका आवारात कोंडले होते, मारामाऱ्या होत होत्या, त्यातून कळपाच्या म्होरक्याची कल्पना पुढे आली. लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मेच यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती घरोघरी पोचवली. पुढे मेच यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पोरं. ज्याने सांगितलं त्यानेच मागे घेतलं, तरी सल्ला अजून फिरतोच आहे. शिवाय बिट्टू लांडगा नाही आणि तुम्हीही नाही.

आता बॉलबद्दल. इथे माझी चूक सांगते. माझा पहिला कुत्रा गुंड्या, त्याला मी रोज संध्याकाळी तासभर बॉल फेकायचे. दमतो, झोपतो, मी खूश. दोन महिन्यांत तासाने भागेना, दीड तास लागायला लागला. मी कुत्रा शांत करत नव्हते, त्याचा दम वाढवत होते. घरात कुणी नुसता हात वर केला तरी तो ताडकन उभा राहायचा, डोळे विस्फारलेले, जीभ बाहेर. शांत बसणं ही गोष्ट मी त्याला कधी शिकवलीच नव्हती. ते पुढे शिकवायला वर्ष गेलं. वाढत्या वयाच्या सांध्यांनाही ती धावपळ, एकदम थांबणं, वळणं सोसत नाही. सोफ्यावरून उड्याही नकोत.

बॉलऐवजी नाक वापरा. जुना टॉवेल पसरा, त्याच्या रोजच्या खाण्यातले मूठभर दाणे त्यावर टाका, सैल गुंडाळी करा, द्या. पहिल्यांदा तो टॉवेल फाडायला बघेल, मग नाक घालून उलगडेल. दहा मिनिटं हुंगून झालं की तो कसा जांभई देतो ते बघा. फिरतानाही तसंच, पाऊण तास ओढत नेण्यापेक्षा वीस मिनिटं लांब पट्ट्यावर, तो जिथे हुंगेल तिथे थांबत. एका खांबापाशी पाच मिनिटं गेली तर जाऊ देत.

आणि शांत बसण्याचे पैसे द्या. आपण काय करतो, तो भुंकला की बघतो, चावला की बोलतो, आणि गप्प पडला की म्हणतो, ‘चला, आता कामं उरकून घेऊ.’ म्हणजे शहाण्यासारखं वागलं की कुणी विचारत नाही. एक चादर चौपदरी घडी करून तुमच्या खुर्चीशेजारी टाका. त्याच्या जेवणातले बारा-पंधरा दाणे वाटीत घ्या. तो चादरीवर आला की काही बोलायचं नाही. बसला, एक दाणा. आडवा झाला, एक दाणा, पण हवेत धरायचा नाही, दोन पंजांच्या मधे जमिनीवर ठेवायचा. मग बघत राहा. आधी तो सिंहासारखा बसेल, मागचे पाय स्प्रिंगसारखे तयार. थोड्या वेळाने कंबर एका बाजूला कलंडेल. हा क्षण सोडू नका, दाणा ठेवा. मग हनुवटी खाली येईल. नाकातून एक लांब उसासा निघेल. तिथे दोन दाणे, अगदी हळू. ‘शाब्बास रे माझ्या राजा’ म्हणालात की तो ताडकन उठणार, तेव्हा कौतुक मनात ठेवा. पाच मिनिटांत वाटी संपवा आणि थांबा. दिवसातून दोनदा पुरे.

एवढं करून तीन-चार आठवड्यांत काहीच फरक नाही, किंवा तो सारखा खाजवतो, पोट बिघडतं, हात लावला की कळवळतो, असं दिसलं तर पशुवैद्यांना दाखवा. दुखणारं पिल्लूही चिडकंच असतं. आणि सहाव्या महिन्यानंतर तो शिकलेलं विसरल्यासारखं वागेल. वयात येतोय म्हणायचं आणि पुन्हा वाटी घ्यायची.

प्रश्न : आमची कुत्री सात महिन्यांची. बेल वाजली की पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारते. गुडघा पुढे करा म्हणतात, ते बरोबर आहे का?

उत्तर : गुडघा नको, बरगडीला लागतो. बेल वाजली की दार उघडण्याआधी पट्टा अडकवा आणि पट्ट्यावर तुमचा पाय ठेवा, ती उभी राहू शकेल पण उडी मारता येणार नाही एवढा सैल. चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच पाहुण्याने तिच्याकडे बघायचं. खरी अडचण पाहुण्यांचीच असते. ‘असू दे हो, मला आवडतात कुत्री’ म्हणणारा एक जण तुमच्या आठवडाभराच्या मेहनतीवर पाणी ओततो. त्याला बाहेरच थांबवा.

प्रश्न : पिल्लू नऊ आठवड्यांचं आहे. लशी पूर्ण होईपर्यंत घराबाहेर काढू नका असं सांगितलंय. मग त्याला जग दाखवायचं कधी?

उत्तर : आत्ताच, पण जमिनीवर न ठेवता. नवीन गोष्टी न घाबरता स्वीकारण्याचा पिल्लाचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो, आणि लशींचे डोस सोळाव्या आठवड्याच्या आसपास संपतात. म्हणजे लशींची वाट बघत बसलात तर गाडी सुटलेली असते. पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या विषाणूच्या आजाराची, भीती खरी आहे, त्यामुळे अनोळखी कुत्री जिथे फिरतात तिथली जमीन टाळा. पण कडेवर घेऊन दारात उभं राहायला काय हरकत आहे? मोटारसायकल, छत्री, दाढीवाला माणूस, काठी टेकत जाणारे आजोबा, रडणारं मूल, सगळं लांबून दाखवा आणि प्रत्येकाबरोबर एक दाणा. मिक्सर घरातच आहे. तो आधी दुसऱ्या खोलीत लावा, आणि पिल्लू खाणं न थांबवता चघळत राहिलं तरच पुढच्या दिवशी एक पाऊल जवळ.