मिसळतात म्हणजे काय होतं?

प्रश्न : मूलकणांच्या तीन पिढ्या आहेत आणि त्या एकमेकींत 'मिसळतात', असं वाचलं. म्हणजे नेमकं काय होतं? 'फॅमिली सिमेट्री'मुळे हे कोडं सुटतं का? आणि चौथी पिढी का नाही? – एक निवृत्त गणित शिक्षिका

उत्तर : बाई, 'मिसळणं' हा शब्द फसवा आहे. कण एकमेकांत कालवले जात नाहीत. पिढ्या म्हणजे वस्तुमान सोडता एकसारख्या असलेल्या कणांचे तीन संच. तुम्ही गणित शिकवलंत, म्हणून अक्षांच्या भाषेत सांगतो. क्वार्कांची (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या मूलकणांची) ओळख दोन तऱ्हांनी पटवता येते. एक वस्तुमानावरून, दुसरी क्षीण बल (एका जातीच्या क्वार्कचं दुसऱ्या जातीत रूपांतर करणारं बल) कुणाची जोडी कुणाशी लावतं त्यावरून. हे झाले अक्षांचे दोन संच, आणि ते एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. पहिल्या दोन पिढ्यांतला फरक साधारण १३ अंशांचा. इटलीचे भौतिकशास्त्रज्ञ काबिबो यांनी हा कोन १९६३मध्ये मांडला. क्वार्कांचे बाकीचे कोन फारच लहान आहेत. न्यूट्रिनोंचा (विद्युतभार नसलेल्या, अतिशय हलक्या मूलकणांचा) मात्र असाच एक कोन ३३ अंशांच्या आसपास, दुसरा ४५च्या जवळ!

आता कॅल्क्युलेटर घ्या. पहिल्या पिढीतल्या डाउन क्वार्कचं वस्तुमान सुमारे ४.७, दुसरीतल्या स्ट्रेंजचं ९३ (एमईव्ही या कणांच्या वस्तुमानाच्या एककात). भागा आणि वर्गमूळ काढा. ०.२२५ येतं ना? काबिबो कोनाची साइनही तेवढीच! हा संबंध १९६८पासून माहीत आहे. वस्तुमानं आणि कोन एकाच मुळातून येत असावेत, असा संशय त्यामुळे बळावतो, आणि ते मूळ म्हणजे पिढ्यांना बांधणारी सममिती, तुमची 'फॅमिली सिमेट्री', असं आमच्यापैकी बरेच जण मानतात. मीही मानतो, पण जपून.

जपून का, तर हात पोळलेत. अर्नेस्ट मा आणि चेन्नईचे जी. राजशेखरन या भौतिकशास्त्रज्ञांनी २००१मध्ये न्यूट्रिनोंसाठी अशी सममिती म्हणून ए-४ हा गणिती गट (ग्रुप) वापरला. चतुष्फलक (चार त्रिकोणी बाजूंची घनाकृती) फिरवून पुन्हा जसाच्या तसा दिसेल, अशा १२ फिरवण्या म्हणजे हा गट. पुढे या वाटेने गेलेल्या अनेक प्रतिमानांत न्यूट्रिनोंचा तिसरा कोन शून्य यायचा. माझ्याही दोन वह्या त्यात भरल्या. इतकं स्वच्छ शून्य खोटं असेल, असं मनातही येत नव्हतं. मार्च २०१२मध्ये चीनमधल्या दाया बे प्रयोगाने तो कोन जवळजवळ ९ अंश असल्याचं दाखवलं. मग सगळ्यांनी सममिती 'किंचित मोडून' समीकरणांत नवी पदं घातली. मीही घातली. पण दर पदामागे एक सुटा आकडा येतो, आणि सुटे आकडे पुरेसे असले की काहीही जुळवता येतं. तेव्हा कोडं सुटलेलं नाही.

चौथी पिढी? दर पिढीत एक न्यूट्रिनो असतो. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत झेड कणांच्या (क्षीण बल वाहणाऱ्या कणांपैकी एका जातीच्या) क्षयावरून हलक्या न्यूट्रिनोंची मोजदाद झाली, तीनच निघाले. तीनच का, हे ए-४ सांगत नाही. तीन पिढ्या त्यात बसतात खऱ्या, पण तो तीनचा आकडा आम्हीच आधी लिहितो.