फायबरग्लासची फिल्टर टाकी व्हॅक्यूमने खराब होते का?
होते. १० बार दाब सहज पेलणारी टाकी किरकोळ व्हॅक्यूमने कशी बिघडते, ही आपली शंका रास्तच आहे. काचतंतू आणि इपॉक्सीचे बाहेरचे कवच आतून येणारा दाब सोसण्यासाठी असते. आतले पॉलिएथिलिनचे अस्तर मात्र आत ओढले गेले की कवचापासून सुटते, त्याला सुरकुती पडते आणि पुढे दाब परतल्यावर बहुधा तिथेच चीर जाते. टाकी वरच्या मजल्यावर असून निचरा खाली उघडला, की पाण्याचा स्तंभच ओढ लावतो: सुमारे १.७ मीटर उंचीचा स्तंभ म्हणजे १२७ मिलिमीटर पाऱ्याइतका व्हॅक्यूम, आणि अनेक उत्पादक मर्यादा तेवढीच देतात. म्हणून व्हॅक्यूम ब्रेकर (व्हॅक्यूम होऊ लागताच बाहेरची हवा आत सोडणारी झडप) टाकीच्या माथ्याशी, मधे कोणताही व्हॉल्व्ह न ठेवता बसवावा. खाली निचऱ्यापाशी बसवलेला माझ्या मते निव्वळ शोभेचा.