ओढा खोल केला, मग मासे कुठं गेले?

प्रश्न : आमच्या ओढ्याचं दोन वर्षांपूर्वी खोलीकरण झालं. जेसीबी लावून गाळ काढला, झाडंझुडपं साफ, वळणंपण सरळ केली. पाणी आता मार्चपर्यंत टिकतं म्हणून गाव खूश. पण रविवारी गळ टाकून बसलं की चिलापीशिवाय काही लागत नाही, आधी वाम, शिंगटा असं काय काय मिळायचं. पाणी वाढलं तर मासे वाढायला नकोत का? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : दादा, माशाला नुसतं पाणी पुरत नाही. जुन्या ओढ्यात कुठं गुडघाभर खळाळ, कुठं डोह, काठाला करंज-उंबराच्या मुळ्या पाण्यात लोंबतायत असं असणार. खळाळातल्या गोट्यांखाली किडे, तेच बारक्या माशांचं खाणं, पाणी आपटत जातं म्हणून त्यात हवा मिसळते, आणि मुळ्या-कपारीत वाम लपते. जेसीबीनं हे सगळं एका लेव्हलला आणलं. चिलापीला मात्र साचलेलं पाणी नि चिखलाचा तळ म्हणजे माहेरच, खळगा करून अंडी घालते आणि ती तोंडात सांभाळत फिरते, तिला खळाळ नसला तरी चालतं.

अमेरिकेत फ्लोरिडात किसिमी नदीचं हेच झालं. पुराच्या भीतीनं १९६२ ते १९७१ मध्ये तिचा सरळ कालवा केला, १६६ किमीची नागमोडी नदी ९० किमीवर आली, खोली ३० फूट. पाणी भरपूर पण त्यात प्राणवायू कमी, त्यामुळे गळवाल्यांचा लाडका बास मासा घटला आणि वर येऊन हवा गिळणारे 'गार' आणि 'बोफिन' नावाचे मासे माजले. मग १९९९ ते २०२१ कालव्याचा बराच भाग परत मातीनं बुजवला, जुनी वळणं मोकळी केली, तेव्हा बास पुन्हा वाढला. (आधी खोदायला पैसे, मग बुजवायला!)

तुम्ही सगळं बुजवा असं म्हणत नाही, उन्हाळ्यात पाणी लागतंच. पण काढलेले दगडगोटे अधूनमधून परत टाका, काठाला करंज, उंबर लावा आणि खाली सिमेंट बंधारा आहे का ते बघा. केटी म्हणजे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) पावसाळ्यात काढतात म्हणून माशांना वर जायला थोडी तरी वाट मिळते, सिमेंटच्या भिंतीला तीपण नाही. मृगात पहिला लोंढा आला की बंधाऱ्याखाली जाऊन उभे राहा. चढणीचे मासे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर जाणारे, भिंतीवर उड्या मारून परत पडताना दिसले तर दगडांचा उतार नेमका तिथंच करून घ्या.